कोणती गाडी चांगली

१९ ऑगस्ट १९८५, एकोडी

नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की रोजचं लिहून ठेवत जा. काय खाल्लं, काय बोलले, कोणतं बोट हललं. म्हणून मुलाच्या, तेजरामच्या कॉलेजातली एक कोरी राहिलेली वही काढली. लग्नाआधी मी गावच्या शाळेत पोरांना शिकवत होते, त्यानंतर सलग असं काही लिहिलेलं नाही. अक्षर बिघडलं आहे.

मे महिन्यात ह्यांना लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही गेलं. समजतं सगळं, पण तोंडातून एकच शब्द येतो, "नाही". भूक लागली तरी नाही, पोट भरलं तरी नाही. शिव्या मात्र पहिल्यासारख्या खणखणीत येतात. डॉक्टर म्हणाले की असं होतं, शिव्यांना मेंदूत वेगळी जागा असते. रोज समोर बसवून एकेक शब्द म्हणवून घ्यायला सांगितलं आहे.

आज सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोरीचं वरण. डाव्या हाताने गिलास धरला. शब्द नवा नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपला; तेजराम आमच्या राइस मिलवर असतो. सूनबाई चंद्रकांता स्वयंपाकाचं बघते. ह्यांचं सगळं मी.

२७ ऑगस्ट

लिहावं की नाही कळत नाही, पण डॉक्टर म्हणाले होते काही लपवू नका. दुपारी पेज भरवता भरवता माझा डोळा लागला. चमचा ह्यांच्या तोंडापाशी आणि मी बसल्या जागी झोपेत. पेज छातीवर सांडली. ह्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं तेव्हा जाग आली. वाटलं, आता शिव्या ऐकायच्या. पण ह्यांनी मनगट सोडलं नाही, नुसते माझ्याकडे पाहत राहिले. छाती लाल झाली आहे, खोबरेल लावलं. उद्यापासून तोंडावर पाणी मारून मग भरवायला बसेन.

१ सप्टेंबर

भंडाऱ्याहून भैयाजी आले होते, माझे धाकटे दीर. त्यांचं तिथे कापडाचं दुकान आहे. विषय निघाला गाडीचा. आमची जुनी जीप ह्यांनी साकोलीला लिलावात घेतली होती, तेव्हापासून स्वतःच चालवली. मी कायम मागच्या बाकावर. आता दवाखान्यात न्यायचं तर तेजराम आणि लकव्यानंतर ठेवलेला ड्रायव्हर कवडू ह्यांना चादरीत धरून गाठोड्यासारखं वर चढवतात. तेव्हा ह्यांचं तोंड बघवत नाही.

नवी गाडी घ्यायची हे ठरलं. कोणती, यावर दुपार गेली. भैयाजी म्हणाले, गावात मान राहायचा तर अॅम्बॅसेडर. तेजरामला व्हॅन हवी, डब्यासारखी असते ती. बाबांना झोपवून नेता येईल आणि एरवी तांदळाची पोतीही जातील. ज्यांच्यासाठी गाडी ते समोर खाटेवर होते आणि त्यांना कोणी विचारत नव्हतं. शेवटी ह्यांनी काठी जमिनीवर आपटली. आधी स्वतःच्या डोळ्याकडे बोट केलं, मग बाहेर रस्त्याकडे.

"दादाले सगळ्या गाड्या सोताच पाहाच्या हायत," भैयाजी म्हणाले. "पाहा नं जी. जीपमंधी चांगली कोनती, मोठ्या गाडीत कोनती, लहान गाडीत कोनती, डब्ब्यात कोनती. मंग तुमी म्हनसान ते घेऊ."

ह्यांनी मान हलवली. मग काठीचं टोक माझ्याकडे केलं. म्हणजे मीही यायचं. यावंच लागेल, वाटेत तोंड कोण पुसणार.

८ सप्टेंबर

साकोलीला एका लाकूड ठेकेदाराने नवी कोरी जीप घेतली आहे, ती पाहायला गेलो. मला वाटलं, चाकामागे बसायचा ह्यांचा हट्ट असेल. तर मलाच काठीने खुणावलं, तिथे बस. चार माणसांसमोर मी जीपवर चढून पुढे बसले. पदर सावरू की काय करू असं झालं होतं. ह्यांनी माझा हात चाकावर ठेवला आणि फिरव अशी खूण केली. उभ्या गाडीचं चाक ते, मला काही फिरलं नाही. ठेकेदार हसला. ह्यांनी "नाही" म्हटलं आणि परत चला अशी मान केली.

कधी काळी ह्यांची बोटं सारखी चाकावर असायची. आता स्वतःला जमत नाही, म्हणून माझ्या हाताने हौस भागवून घेतात. काय करावं.

पेज घेतली. रात्रीची गोळी दिली. शब्द नाही.

१२ सप्टेंबर

काही विशेष नाही. पाय सुजले आहेत, माझे.

२० सप्टेंबर

नागपूरला डॉक्टरांची फेरी होती. त्यांनी वही वाचली, चांगली लिहिता म्हणाले. पेज सांडल्याच्या पानावर थांबले आणि विचारलं, घरात दुसरं कोणी भरवत नाही का? मी म्हटलं, ह्यांना माझ्याच हातची सवय आहे. डॉक्टर ह्यांच्याकडे पाहत होते आणि हे खिडकीकडे.

नंतर तेजराम आम्हाला गाड्यांच्या दुकानी घेऊन गेला. अॅम्बॅसेडर काळ्या रंगाची, आत दिवाणखान्यासारखी जागा. तिथेही तेच, आधी मी पुढे बसायचं. हे दाराशी खुर्चीत बसून खाली वाकून माझ्या पायांकडे बघत राहिले. माझ्या चपलांना चिखल लागला होता, शरमेने मी पाय आत ओढले. त्यावर चिडून काठीने खुणावलं, पुढे कर, खाली दाब. माझी उंची कमी, पाय कसाबसा टेकत होता. "नाही."

तिथून फियाट पाहायला गेलो. पाय पोचले, पण तिचा गिअर चाकाजवळच्या दांडीला होता. ह्यांनी माझा हात धरून तो वर-खाली, पुढे-मागे करवला. मला काही कळेना, कधी इकडे जाई कधी तिकडे. दुकानातला माणूस चांगला होता, हसला नाही. ह्यांनी बराच वेळ विचार केला आणि मग "नाही" म्हणाले.

तेजराम वैतागला. परतीच्या वाटेवर मी मागे बसून ह्यांचं डोकं खांद्यावर घेतलं होतं. खांदा अजून दुखतो आहे.

३ ऑक्टोबर

भंडाऱ्याला भैयाजींच्या ओळखीच्या माणसाकडे व्हॅन पाहिली. तिला पुढे नाकच नाही, काच आणि काचेपुढे थेट रस्ता. मी चाकामागे आणि हे शेजारच्या जागेवर होते. गाडी उताराला लावलेली होती, ह्यांनी डाव्या हाताने मधला ब्रेक सोडला आणि ती जराशी सरकली. समोरची भिंत अंगावर आल्यासारखी वाटली आणि मी डोळे गच्च मिटून घेतले. बाहेर उभ्या असलेल्या कवडूने धावत येऊन ब्रेक ओढला. आणि हे हसले. लकव्यानंतर पहिल्यांदा, तोंड एका बाजूला जाऊन, पण खळखळून. मीही हसले असेन, आठवत नाही.

मग "नाही".

तेजरामच्या मनात तीच गाडी होती. तो तिथेच माझ्यावर उखडला. "माय, बाबाचं डोस्कं आता राह्यलं नाही. त्याइले पाहात बसलो तं जलमभर गाडी येत नाही. आपनच ठरवावं लागन."

हे ऐकत होते. असं का बोलला ते मला कळतं. मिल, शेती, दवाखाना सगळं त्याच्यावर आहे, आणि वय काय त्याचं. पण बापासमोर बोलायला नको होतं. ह्यांनी त्याला एक शिवी दिली, अगदी स्पष्ट, पूर्वीसारखी. तेजरामचे डोळे भरून आले. शिवी ऐकून की आवाज ऐकून, देव जाणे.

२८ ऑक्टोबर

आज ह्यांनी "हो" म्हटलं. डॉक्टरांसाठी मुद्दाम ठळक लिहिते: योग्य जागी, योग्य अर्थाने, दोनदा म्हटलं.

झालं असं. भैयाजींनी मारुतीची लहान गाडी मागेच नोंदवली होती, तिचा नंबर आता लागला आहे. त्यांचं मन बदललं, म्हणाले, दादा घेत असतील तर त्यांनी घ्यावी. तसलीच एक गाडी त्यांच्या शेजाऱ्याकडे आहे, पांढरी, ती पाहायला गेलो. मी आता न सांगताच पुढे बसते. पाय पोचले. चाक एका हाताने फिरलं. गिअर खाली हाताशी. ह्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं, मग मान उचलून काचेतून मला समोरचं दिसतं का तेही पाहिलं, आणि म्हणाले, "हो." भैयाजींनी परत विचारलं, "हेच?" तर परत "हो".

तेजराम म्हणाला, एवढ्याशा गाडीत बाबांचा पाय कसा पसरायचा? खरं आहे त्याचं. ह्यांना आत बसवायला खूप वेळ लागला, गुडघा वाकत नव्हता. स्वतःच्या गैरसोयीची गाडी कशी पसंत केली कोण जाणे. पण मी गाडीचा विचारच करत नव्हते. घरी येईपर्यंत मनात तो "हो" घोळवत होते.

२० नोव्हेंबर

दिवाळीनंतर आज गाडी आली. चंद्रकांताने हळद-कुंकू लावलं, कवडूने नारळ फोडला. तेजरामने रीत म्हणून किल्ली बापाच्या हातात दिली. ह्यांनी ती माझ्या तळहातावर ठेवली आणि माझी बोटं मिटवली.

मी विचारलं, कपाटात ठेवू? तर "नाही". बोटाने मला दाखवलं, मग चाक. मग भैयाजी हसले, म्हणून बाकीचेही हसले.

तेव्हा मला कळलं. जीपचं न फिरणारं चाक, माझे चिखलाचे पाय, तो गिअर. सगळीकडे गाडी मला बसते का ते पाहत होते.

मला राग आला. खोटं कशाला लिहू? सकाळी ह्यांचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, औषध, पेज, मालिश, शब्द, परत पेज, परत कपडे. आणि आता गाडीही मीच चालवायची, म्हणजे दवाखान्यात न्यायचं कामही माझ्याच गळ्यात. कवडूला पगार कशाचा देतो मग? किल्ली खाटेवर ठेवली आणि सांगितलं, "मले नाही जमत. मी थकली जी आता. अजून किती करू?"

ह्यांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. "नाही, नाही, नाही," एवढंच आलं. मी आत निघून आले.

२ डिसेंबर

धान कापणी चालू आहे. गाडी तेजराम वापरतो, मिल ते साकोली.

हे माझ्यावर रुसले आहेत. चार-पाच दिवसांपासून माझ्या हातचं खात नाहीत, तोंड फिरवतात. चंद्रकांता भरवायला बसली तर खातात. तिला सवय नाही, अर्धं सांडतं, अंगरखा भिजतो, तरी तिच्याच हातचं. बोलण्याचा अभ्यासही तिच्यासमोर करतात. मी आले की गप्प. इतकी वर्षं माझ्याशिवाय पान हललं नाही आणि आता असं. किल्ली घेतली नाही त्याचा हा दंड असावा.

दुपारी मला काही काम नव्हतं. वांगी चिरत बसले, ती पण कोणी सांगितली नव्हती.

८ डिसेंबर

आज मी विचारलंच. हे घरापुढच्या छपरीत उन्हाला बसले होते. म्हटलं, "माह्यं चुकलं काय? सांगा तरी. एका किल्लीसाठी असा अबोला धराचा?"

ह्यांनी डोळे मिटले, जड ओझं उचलताना माणूस जोर लावतो तसा जोर लावला, आणि दोन शब्द बाहेर आले. "तू जाय."

नवीन दोन शब्द. मी किती महिने वाट पाहत होते, आणि आले ते हे. तू जा. मी उठून घरामागच्या सांदवाडीत गेले आणि रांजणाआड बसून रडले. चंद्रकांता धुणं वाळत घालत होती. ती सहसा माझ्याशी जपून बोलते, पण आज जवळ येऊन बसली.

म्हणाली, "माय, तुमी उलटं समजून राहिल्या. बाबा रुसले नाही. त्याइनंच मले बोलावलं भरवाले. चमच्यात किती घ्याचं, ते डाव्या हातानं दाखवते. मले जमलं पायजे म्हनून चाललं सगळं."

मी म्हटलं, "मंग मले जाय कायले म्हनले?"

"तेच तं बोलाले शिकून राहिले इतके दिवस," ती म्हणाली. "हाकलत नाही तुमाले. तुमी घराबाहेर कुठी जावं, असं बाबा म्हनते. मी बसतो त्याइच्यापाशी."

चंद्रकांताने शेजारी बसूनच उरलेले कपडे पिळले. परत गेले तेव्हा हे तसेच बसले होते आणि दाराकडे पाहत होते. ह्यांचा डावा हात घेऊन मांडीवर ठेवला.

डॉक्टरांसाठी: "तू जाय" असे दोन शब्द, जोडून आणि अर्थासहित.

११ जानेवारी १९८६

कवडू शिकवतो. चुरणा, म्हणजे धानाची मळणी, आटोपलेल्या मोकळ्या खळ्यात आणि तलावाच्या पाळीवरच्या रस्त्याने. मालकिणीला शिकवायचं म्हणून तो माझ्यापेक्षा जास्त लाजतो, माझ्याकडे न बघता समोर बघून सांगतो. "किलच हळू सोडा. अजून हळू. नाही जी, गेली." गाडी धक्का देऊन बंद पडते. दोष माझ्या पायाचा. चपला काढून अनवाणी केलं तेव्हा जरा समजायला लागलं.

गावातल्या बाया पाळीवर धुणं थांबवून पाहतात. एक म्हातारी म्हणाली, नवऱ्याची अशी हालत आणि हिला गाड्या सुचतात. बोलू दे. मला तिच्याशी भांडण्याइतकीही ताकद नाही. घरी आले की हे डाव्या हाताने चाक फिरवल्यासारखं करून विचारतात. मी सांगते, आज किती वेळा बंद पडली. त्यांना बरं वाटतं.

२२ फेब्रुवारी

भंडाऱ्याला जाऊन लायसनची परीक्षा दिली. पास. साहेबाने विचारलं, या वयात कशाला शिकल्या? मी म्हटलं, घरच्यांनी सांगितलं. तेजराम बरोबर होता. येताना म्हणाला, माय, तूच चालव, आणि शेजारी बसला. लाखनीच्या पुढे कितीतरी वेळ एका ट्रकमागून जात राहिले, पण तो एकदाही "पुढे काढ" म्हणाला नाही. मिलपाशी उतरताना म्हणाला, "बाबाले मी तवा तसं बोलाले नोको होतं." मी म्हटलं, त्यांनाच सांग. संध्याकाळी बराच वेळ बापापाशी बसला होता. काय बोलला ते विचारलं नाही.

१६ मार्च

आज एकटी गेले.

दुपारचं जेवण झाल्यावर चंद्रकांताने ह्यांना छपरीत बसवलं. मी म्हटलं, चला, तुम्हालाही घेऊन जाते. ह्यांनी "नाही" म्हटलं, आणि तो "नाही"च होता. मग विचारलं, साकोलीहून काही आणायचं आहे का? औषध, भाजी? पुन्हा "नाही". चंद्रकांताला विचारलं, तीही नाही म्हणाली. काम नसताना घराबाहेर पडायचं कसं, मला कळेना. तरी निघाले.

गावाबाहेर रस्ता रिकामा होता. तिसऱ्या गिअरपर्यंत गेले. दोन्ही बाजूंनी धान कापलेल्या शेतांच्या बांध्या, त्यात गुरं. मनात म्हटलं, कुठे जावं? साकोलीला गेले तर बाजारात ओळखीची माणसं भेटतील, ह्यांची तब्येत विचारतील, परत तेच सांगावं लागेल. मग वाटेत एक मोठं मोहाचं झाड लागलं. खाली फुलांचा सडा पडलेला, वेचणाऱ्या सकाळीच वेचून गेल्या असाव्यात, तरी नवीन पडत होती. गाडी सावलीत घेतली, बंद केली. काच खाली केली. म्हटलं, जरा बसू.

जाग आली तेव्हा ऊन कलून माझ्या पायाशी आलं होतं. मान अवघडली होती आणि टपावर फुलं पडल्याचा आवाज येत होता. क्षणभर मी कोण, कुठे, काही आठवेना. मग आठवलं. तरी लगेच उठले नाही. कोणी हाक मारत नव्हतं.

घरी आले तेव्हा हे छपरीतच होते. अंगरखा कोरडा होता, चंद्रकांताचा हात बसला आहे आता. मला बघून भुवया उंचावल्या, म्हणजे कुठे?

"कुठीच नाही गेली जी," मी म्हटलं. "मोहाखाली गाडी लावली आन झोपली."

ह्यांनी मान हलवली, मी काही लांबचं गाव पाहून आल्यासारखी. मग ओठ जुळवले, जोर लावला आणि विचारलं, "चांगली?"

गाडीचं विचारत होते की झोपेचं, मला कळलं नाही.

"चांगली," मी म्हटलं. आणि मालिशसाठी तेल कोमट करायला आत गेले.